जुना गाळ

साहेबांनी लाल पेनाने एका आकड्याभोवती गोल काढला, कागद तिच्याकडे सरकवला आणि विचारलं, "हा आकडा घरी बसून भरलाय असं नाही वाटत तुम्हाला?" ती म्हणाली, "हो, शक्य आहे." झालं ते एवढंच. साहेब पुढच्या कागदाकडे वळले, ती आपल्या टेबलापाशी येऊन नमुन्याच्या बाटल्या विसळायला लागली, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकच बाटली विसळतोय. गोल काढलेला आकडा अमोनियाचा होता. ऐन थंडीत लहान गावांच्या सांडपाणी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया लिटरमागे पंधरा-वीस मिलिग्रॅमवर जाऊन बसतो, हे प्रयोगशाळेतल्या झाडूवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. ह्या एका केंद्राच्या अहवालात मात्र तो महिनाभर एकच्या खाली होता. अहवालाच्या तळाशी केंद्र चालवणाऱ्या बाईची सही होती, गोल गोल, शाळकरी अक्षरातली. ती बाई तिची आत्या होती. ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं. आडनाव तेच, पण त्या आडनावाची माणसं पैशाला पासरी, त्यामुळे कधी कोणी विचारलं नव्हतं. आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. पण न सांगणं वेगळं आणि "हो, शक्य आहे" वेगळं. त्या "हो"ला कोणी तिला भाग पाडलं नव्हतं. ते तिच्या तोंडून असं सहज निघालं होतं, जणू कित्येक वर्षं आत तयारच बसलं होतं.

संध्याकाळी ती चालत घरी निघाली. पुलावरून जाताना खालून शहराचं काळं पाणी वाहत होतं, आणि लोक नेहमीसारखे त्याच्याकडे न बघता जात होते. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून तिला आत्याकडे ठेवलं. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि आदल्याच वर्षी तिने गावाच्या नव्या सांडपाणी केंद्रावर नोकरी धरली होती, कारण त्या जागेसाठी दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता. आत्याचे रबरी बूट दाराबाहेर असत. कामाचे कपडे वेगळे, त्यांची बादली वेगळी, साबण वेगळा. कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय ती पोरीच्या वेणीला हात लावत नसे. तरी शाळेत मुली नाकाला रुमाल लावत. खरं तर आत्याच्या अंगाला कसलाच वास येत नसे, आला तर साबणाचाच येई, पण मुलींना ते कोण सांगणार. एकदा शाळा सुटताना समोरून आत्या ढकलगाडीवर गाळाचे डबे घेऊन येताना दिसली, आणि ती गुपचूप रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने, दुकानांच्या पाट्या वाचत निघून गेली. आत्याने बघितलं की नाही, तिला कळलं नाही. घरी त्यावर एक अक्षर निघालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून आत्या शाळेच्या रस्त्याने येईनाशी झाली. ती ओढ्याकाठच्या मागच्या वाटेने जाऊ लागली. ती वाट दुप्पट लांबीची, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. पोर शिकायला शहरात जाईपर्यंत आत्या रोज त्याच वाटेने गेली. हे सगळं तिला आज पुलावर, एवढ्या वर्षांनी, एकदम जुळवून कळलं. म्हणजे कळलं होतं आधीही, पण तिने ते कधी जुळू दिलं नव्हतं.

आणि तरीही संशय होता. त्याला कारण होतं. ती बारा वर्षांची असताना आत्या तापाने आडवी झाली होती. चार दिवस उठली नाही. पाचव्या दिवशी सकाळी शाळेचे मोजे शोधताना तिने बघितलं, आत्या अंथरुणात उशीला टेकून केंद्राची नोंदवही मांडीवर घेऊन बसली आहे आणि भराभर लिहिते आहे. चार दिवसांचे रकाने. तिला तेव्हा काही वाटलं नाही. पुढे ती रसायनशास्त्र शिकली, प्रयोगशाळेत लागली, लोक खोटे आकडे कसे भरतात हे शिकली, आणि तो मांडीवरच्या वहीचा देखावा तिच्या मनात हळूहळू दुसराच होत गेला. आत्याच्या कष्टांबद्दल तिला आदर होता. पण प्रामाणिकपणाची खात्री विचारली असती तर ती अडखळली असती. आज तर विचारल्यावर ती अडखळलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, नमुने आणायला मी जाते. साहेब म्हणाले, "न कळवता जा. आकडे खोटे निघाले तर केंद्र बंद करू. सगळं मैलापाणी नळातून खालच्या शहराच्या केंद्राला जोडायचा प्रस्ताव तयारच आहे." ते हे रागाने बोलत नव्हते. साहेब रागावत नसत, ते फक्त कागद पुढे सरकवत.

तिसऱ्या दिवशी ती निघाली. बसने अडीच तास लागले. शेवटच्या वळणावर ओढा दिसायला लागला, आणि त्याच्या काठाने केंद्राचं बुटकं कुंपण. आत्या टाकीच्या कठड्यावर वाकून फेस बघत होती. एकसष्ट वर्षांची बाई, कानटोपी, गुडघ्यापर्यंत बूट. तिने मान वर केली, भाचीच्या हातातली बर्फाची पेटी आणि बाटल्या बघितल्या, आणि सगळं समजून म्हणाली, "कामावर आलीस होय. मग चहा नंतर. आधी तुझं उरक."

तिने बाटल्या भरल्या. बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ओणवी होऊन, नियमाप्रमाणे तीन वेळा विसळून. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण स्वच्छ दिसण्याला अमोनिया भीक घालत नाही. मग तिने नोंदवह्या मागितल्या. आत्याने कपाट उघडलं. तीस वर्षांच्या तीस वह्या, पुठ्ठ्यावर वर्ष घातलेल्या. तिने ह्या वर्षाची काढली, चाळली आणि मग, हे कामात बसत नव्हतं हे माहीत असून, जुनी एक काढली. ती बारा वर्षांची होती त्या वर्षाची. तो आठवडा सापडायला वेळ लागला नाही. चार रकाने रिकामे होते, आणि त्या चारही रकान्यांवरून आडवी एक ओळ गेली होती: ताप. गेले नाही. मोजले नाही.

"हे काय?" तिने विचारलं, आवाज शक्य तितका सरकारी ठेवून.

आत्याने चष्मा लावून बघितलं. "ती तापाची गोष्ट होय. ऑफिसातनं परत पाठवलेला हा महिना. रिकामी जागा चालत नाही म्हणाले. मी तस्साच पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा पाठवल्यावर त्यांनी ठेवून घेतला, कंटाळले असतील." तिने पानं उलटली. "अशा अजून आहेत बघ. इथे दाढ काढली. इथे तुझ्या बापाच्या दिवसकार्याला गेले होते. इथे नुसतंच पाय घसरून पडले, त्या दिवशी बाटली फुटली."

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलायला तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल, ह्याचा भरवसा परवापासून उरला नव्हता. तिने वही मिटली आणि ज्या प्रश्नासाठी तिला पाठवलं होतं तो विचारला. थंडीत सगळीकडे अमोनिया चढतो, इथे का चढत नाही.

"मला काय माहीत इतरांचं," आत्या म्हणाली. "मी आपली थंडी यायच्या आधी महिनाभर गाळ काढणं कमी करते. जुना गाळ राखून ठेवते. अमोनिया खाणारे जिवाणू असतात ना त्यात, ते फार सावकाश वाढतात. गारठ्यात तर विचारूच नकोस. आपण नेहमीसारखा गाळ उपसत राहिलो तर त्यांना पोरंबाळं व्हायच्या आतच ते बाहेर जातात. मग टाकीत नवशिके उरतात सगळे." तिने टाकीतून काचेच्या उंच नळकांड्यात पाणी भरलं आणि खिडकीत ठेवलं. "पण फार राखला तरी बिघडतो. वर तरंगायला लागतो. म्हणून रोज बघायचं. बस."

पाणी गढूळ, चॉकलेटी होतं. दोघी त्याच्यासमोर स्टुलांवर बसल्या. गाळ खाली बसण्याची ही चाचणी अर्ध्या तासाची असते हे तिला पुस्तकातून माहीत होतं, पण तो अर्धा तास कोणी समोर बसून काढतं हे माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत गजर लावून दुसरं काम करतात. आधी काहीच झालं नाही. मग त्या गढूळपणात पुंजके दिसू लागले, ते एकमेकांना धरू लागले, आणि वरून बोटभर पाणी मोकळं झालं. मग दोन बोटं. आत्या पुंजक्यांच्या कडा बघत होती, खाली बसण्याचा वेग बघत होती, मधूनच उठून नळकांड्याचा वास घेत होती. "घेऊन बघ," म्हणाली. तिने घेतला. नांगरलेल्या ओल्या मातीचा वास होता. लहानपणी नाकाला रुमाल लावणाऱ्या मुलींना हा वास आला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, असं तिच्या मनात आलं, आणि मग लगेच, मुलींचं जाऊ दे, आपण तरी दहा वर्षं त्या घरात राहून कधी कुंपणाच्या आत आलो होतो का. एकदाही नाही. आत्यानेही कधी बोलावलं नव्हतं. पोरीला जे नको ते तिच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिने पाळलं होतं, आणि त्यापायी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात अभिमानाचं काम स्वतःच्या घरात कधी उच्चारलंही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. डेअरीवाला होता. त्याचा मोठा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बाई, आज टाक्या धुतोय. दुपारी सोडू का पाणी?"

"असं करा, अर्धंच सोडा. उरलेलं उद्या," आत्या म्हणाली. "आणि तो टाक्या धुवायचा सोडा जपून घाला हो. मागच्या खेपेला माझे निम्मे मेले."

"किती मेले?"

"मोजले नाहीत. कोट्यवधी असतील."

डेअरीवाला हसला, आत्याही हसली. फोन ठेवून ती सहज सांगत गेली. डेअरी आधी कळवते, केस रंगवणारी बाई उरलेला रंग मोरीत न ओतता डब्यात साठवते, दवाखान्यातली नर्स जंतुनाशकाची बाटली एकदम रिकामी करत नाही. ह्या सगळ्यांना आत्याने एकेकदा इथे बोलावून टाकी दाखवली होती. "भांडून काही होत नाही. दाखवलं की माणसाला कळतं, आपलं पाणी कुठे जातं ते." उन्हाळ्यात ओढ्याला वरून फारसं पाणी नसतं, ती म्हणाली, तेव्हा ओढ्यात जे वाहतं ते निम्म्याहून जास्त ह्या पाइपातलं असतं, आणि तेच पुढे नदीला मिळतं. "म्हणजे उन्हाळ्यात ओढा म्हणजे गावच. अंघोळी आणि खरकटी." हे ती अशा सुरात म्हणाली की त्यात घाण कुठेच नव्हती. भाचीला नळाचा प्रस्ताव आठवला. सगळं पाणी उचलून शहराकडे नेलं तर उन्हाळ्यात इथे दगड राहतील. ती ते बोलली नाही. न कळवता जा, असं साहेब म्हणाले होते, आणि निदान तेवढं तरी तिला नीट पाळायचं होतं.

परतीच्या बसमध्ये बर्फाची पेटी तिच्या मांडीवर होती. अमोनियाची चाचणी दहा मिनिटांची. ऑफिसात पोचताक्षणी कळलं असतं. वळणं संपून सरळ रस्ता लागेपर्यंत तिने मनात ती चाचणी कितीदा तरी केली, आणि दरवेळी आकडा वेगळा आला. पण हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपल्याला आता आकड्याची घाई नाहीये. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ते केंद्र चालवते ती माझी सख्खी आत्या आहे. तिने मला वाढवलंय. हे मी परवाच सांगायला हवं होतं."

साहेबांनी पेटीकडे बघितलं. "मग ह्या बाटल्यांचा काय उपयोग?"

"काही नाही."

"नाहीच. ओतून टाका. उद्या दुसरं कोणीतरी जाईल. आणि तुम्ही तिकडे फोन करायचा नाही."

तिने बाटल्या मोरीशी नेल्या. शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी, ज्याला सगळे काटेकोर म्हणत, चाचणीचं द्रव्य उघडून बसला होता. चार थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. कोणी अडवलं नसतं. तिने एकेक बूच काढलं आणि पाणी ओतून दिलं, आणि शेवटची बाटली रिकामी होताना तिला जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण आत्याचं काही न मोजता खरं मानतोय.

काटेकोर दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. नेमका त्याच दुपारी आत्याचा फोन आला. ती घाबरली, की आपण न विचारता काहीतरी सांगून बसू. पण आत्याने त्याचं नावही काढलं नाही. ती म्हणाली, "काल तू चहा न घेताच गेलीस. मी दूध मागवलं होतं." मग, "वही बघताना तुझा चेहरा उतरला होता. काही चुकलं होतं का त्यात?"

"नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं होतं."

"तुझं कसं चुकेल, वही माझी," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला.

काटेकोर संध्याकाळी परत आला तो थेट तिच्या टेबलापाशी. नातं एव्हाना ऑफिसभर कळलं होतं. "तुझी आत्या मला आत सोडेना. सरकारी ओळखपत्र दाखवलं तरी नाही. म्हणे, सकाळी दुसऱ्या कुठल्या केंद्रावर जाऊन आलात का. म्हटलं, हो. मग म्हणे, आधी बूट धुवा, तिकडची घाण माझ्याकडे नको. उभं राहून धुवायला लावले, ब्रशने." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. आपल्याहून काटेकोर माणूस त्याला आयुष्यात क्वचितच भेटला होता. त्याने द्रव्य काढलं आणि तिच्याकडे पाठ करून चाचणी केली. ती खिडकीतून रस्ता बघत राहिली. समोरच्या इमारतीत एक बाई पडदा धुवून वाळत घालत होती, आणि पडदा तारेवर सारखा होईना. काटेकोरने चाचणी दुसऱ्यांदा केली. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाला, "शून्य पॉइंट नऊ. तिच्या वहीत आज शून्य पॉइंट आठ लिहिलंय. तिचं साधं रंग जुळवायचं किट आहे, त्यामानाने फार जवळ आहे हे." तो कागद घेऊन साहेबांकडे गेला.

दुसरी चाचणी पाण्यातली उरलेली घाण किती प्राणवायू खाते ह्याची होती, आणि तिचे पाच दिवस जायचे होते. ते दिवस तिने कसे काढले हे तिला नंतर सांगता आलं नसतं, कारण तसं काहीच घडलं नाही. ती कामावर गेली, घरी आली, भाजी चिरली, दिवा मालवला. अंधाऱ्या पेटीत बंद बाटलीतले जिवाणू सावकाश प्राणवायू खात होते, आणि तेवढ्याच सावकाश तिच्या आत काहीतरी खाली बसत होतं आणि वर मोकळं पाणी होत होतं. सहाव्या दिवशी तोही आकडा चांगला आला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्यांवर काहीच खूण केली नाही, आणि विचारलं, "आपल्याकडे लहान केंद्रं किती?" ती म्हणाली, "एकेचाळीस." साहेब म्हणाले, "आणि थंडीत धड चालणारं एक." मग, "मला तिथे घेऊन चला."

गेल्या कित्येक वर्षांत साहेब फिरतीवर गेले नव्हते. ते शहरी बूट घालून आले, आणि आत्याने तेही धुवायला लावले. चार शेजारच्या गावांचे केंद्रचालकही आले होते. आत्या त्यांना टाकीपाशी घेऊन गेली, गाळाबद्दल सांगितलं, आणि मग पाच मिनिटांत तिचं बोलणं संपलं, कारण तिला जे येत होतं ते बोलण्यात फारसं मावत नव्हतं. सगळे चुळबुळत उभे राहिले. मग ती म्हणाली, "खाली चला," आणि पाइपाच्या तोंडापासून पंधरा-वीस पावलं खाली, ओढ्यात उतरली. पिंढरीभर पाण्यात वाकून तिने एक चपटा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा करून धरला. ओल्या दगडावर बारीक किडे सरकत होते, नखाएवढे, चपटे, प्रत्येकाला मागे केसांसारख्या तीन शेपट्या.

"हे घाणीत जगत नाहीत," आत्या म्हणाली. "मी आले त्या वर्षी ह्या दगडांखाली नुसत्या लाल अळ्या होत्या. दर महिन्याला दहा दगड बघते. वरच्या बाजूचे दहा आणि खालचे दहा."

"हे अहवालात कुठे लिहिता?" साहेबांनी विचारलं.

"अहवालात त्याला रकाना नाही."

"मग पहिला कधी सापडला?"

"बाराव्या वर्षी. एकच होता. त्या दगडाखाली, तिथे, वाकड्या झाडाजवळ." तिने हनुवटीने दाखवलं. "पुढे वाढत गेले."

भाची काठावर उभी राहून हिशेब करत होती. बारावं वर्ष. म्हणजे ती नुकतीच शहरात शिकायला गेली होती. घर रिकामं झालं होतं, मागच्या वाटेने जायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि अशा एका दिवशी ही बाई ह्या गार पाण्यात ओणवी असताना तिच्या हाती तो एक किडा लागला होता. "कोणाला सांगितलंस तेव्हा?" तिने विचारलं. सगळ्यांसमोर ती आत्याशी एकेरीत बोलली हे केंद्रचालकांनी ऐकलं, आणि एकाने वळून दोघींचे चेहरे ताडून बघितले. तिने त्याला बघू दिलं.

"कोणाला सांगणार," आत्या म्हणाली. "बसले जरा काठावर. मग कामाला लागले."

साहेब खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. पण ती आधी उतरली, पायमोजे काठावर टाकून, साडी वर खोचून. पाणी इतकं गार होतं की क्षणभर तिला श्वास घेता येईना. ती वाकड्या झाडापर्यंत चालत गेली आणि वाकली. "हाच का?"

"त्याच्या शेजारचा. हो. दोन्ही हातांनी धर, हळू."

तिने दगड उलटला. खालची बाजू भरलेली होती. तीन शेपट्या, तीन शेपट्या, जिकडे बघावं तिकडे. उजेड लागल्यावर ते कडेकडेने सावलीकडे निघाले होते, आणि त्यांच्या पाठीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. ती मोजायला लागली. सतरापर्यंत गेली, मग तिला दिसेना झालं.

"बास आता," आत्या मागून म्हणाली. "त्यांना गारठा लागेल. होता तसाच ठेव."